चेंडू नसलेल्या चौघांचं काय?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा असतो. त्यातला निम्मा वेळ चेंडू आपल्याकडे राहिला असं धरलं, तर आक्रमणासाठी २० मिनिटं मिळतात. कोर्टवर आपल्या पाच जणी आणि चेंडू एकच. एखादी खेळाडू एकदाही बाकावर न बसता सगळा सामना खेळली आणि चेंडूची वाटणी अगदी काटेकोर झाली, तरी तिच्या हातात चेंडू असतो चार मिनिटं. आक्रमणातली उरलेली १६ मिनिटं ती रिकाम्या हातांनी खेळते. आता आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर संध्याकाळी चालणारा सराव डोळ्यांपुढे आणा. रांगेत उभं राहून ले-अप, मांडून ठेवलेल्या कोनांमधून ड्रिबल, मग शूटिंग, मग फ्री थ्रो. सगळं चेंडू हातात असतानाचं. चार मिनिटांची तयारी तासन्‌तास चालते आणि १६ मिनिटांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मग सामन्यात व्हायचं तेच होतं. संघातली सगळ्यांत चपळ मुलगी चेंडू पुढे आणते, बाकीच्या चौघी हात वर करून ‘पास, पास’ ओरडतात, ती एकटीच दोघी-तिघींच्या गराड्यात घुसते, आणि चेंडू गेला की प्रशिक्षक बाहेरून तिच्यावरच ओरडतात: ‘पास का नाही दिलास?’ द्यायचा तरी कुणाला? चौघी जिथे होत्या तिथेच उभ्या आहेत, आणि उभ्या राहिलेल्या खेळाडूला अडवण्याइतकं सोपं काम बचावात दुसरं नाही.

मोशन ऑफेन्स म्हणून जी पद्धत ओळखली जाते, ती या १६ मिनिटांसाठी आहे. तिच्यात पाठ करून म्हणून दाखवायची चाल नसते. कुणी कुठून कुठे पळायचं हे आधी ठरलेलं नसतं. ठरलेले असतात ते मोजके नियम: पास दिल्यावर काय करायचं, शेजारची जागा रिकामी झाली तर काय, आपला बचावपटू अंगाला चिकटला तर काय. यातला कुठला नियम केव्हा लागू करायचा, हे समोरचा बचाव पाहून खेळाडूच ठरवतात. या आक्रमणात सगळ्यांना वाव मिळतो असं नेहमी सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. पण त्याचा अर्थ बहुतेक जण सगळ्यांना सारखेच शॉट मिळतात असा घेतात, आणि तिथून गाडी घसरते. शॉटची समान वाटणी कुठल्याच चांगल्या संघात होत नाही, होऊही नये. माझ्या मते सहभागाची कसोटी वेगळी आहे: या खेळाडूला अडवणारा बचावपटू क्षणभर तरी तिच्यावरून नजर काढू शकतो का? काढू शकत असेल, तर तो मोकळा झाला आणि दुसरीकडे मदतीला धावणार. काढू शकत नसेल, तर त्या खेळाडूने चेंडूला हात न लावता एक बचावपटू खेळातून बाद केला. खो-खोत चौकोनांत बसलेले आठ जण पळत नसतात, पण पुढचा खो त्यांतल्या कुणालाही मिळू शकतो म्हणून पळणाऱ्याला त्या आठही जणांचा हिशेब ठेवावा लागतो. बास्केटबॉलमधल्या रिकाम्या हातांच्या चौघांकडून एवढंच हवं असतं.

ही काही आजकालची टूम नाही. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला या खेळाचे जे पहिले १३ नियम लिहिले, त्यांत चेंडू घेऊन पळायला मनाई होती. जिथे चेंडू मिळाला तिथूनच तो फेकायचा. ड्रिबल नंतर आला. म्हणजे मुळात हा खेळ पासचा, आणि पास घ्यायला मोकळं होण्याचाच. पुढे ओक्लाहोमा ए अँड एम महाविद्यालयाचे हेन्री आयबा यांनी सतत हलत्या, चेंडू सांभाळून खेळणाऱ्या आक्रमणावर १९४५ आणि १९४६ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांना गुरुस्थानी मानणारे इंडियाना विद्यापीठाचे बॉब नाइट यांनी त्यात वाचन आणलं. पुस्तकाचं नव्हे, बचावपटूचं. त्यांच्या संघाने १९७५-७६ च्या मोसमात ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेतेपद घेतलं आणि तसं करणं पुढची कित्येक दशकं पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या दुसऱ्या कुठल्या संघाला जमलं नाही. नाइट यांचा स्वभाव अनुकरणीय होता असं कुणी म्हणणार नाही, पण ठरलेली चाल प्रतिस्पर्धी पाठ करू शकतो आणि खेळाडूंनी ऐन वेळी घेतलेला निर्णय त्याला पाठ करता येत नाही, हा त्यांचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

प्रत्यक्ष शिकवायला घेताना सुरुवात जागेपासून करा. पाचही जणींना तीन गुणांच्या रेषेबाहेर उभं करा: एक मध्यभागी वर, दोघी दोन बाजूंना, दोघी कोपऱ्यांत. ही रेषा बास्केटपासून ६.७५ मीटरवर असते, आणि अशा पाच जागा घेतल्या की शेजारच्या दोघींमध्ये पाच-साडेपाच मीटर अंतर पडतं. या अंतराला कारण आहे. अंतर तीन मीटर असेल, तर एकच बचावपटू मध्ये उभा राहून दोघींवर लक्ष ठेवतो. पाच मीटर झालं की त्याला निवड करावी लागते, आणि बास्केटसमोरची सगळी जागा रिकामी राहते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा पास मात्र साडेपाच मीटर वेगाने जात नाही. तो हवेत तरंगतो आणि मध्येच पळवला जातो. त्यांच्यासाठी चार मीटरच धरा. मुलांना जोरात, छातीपासून छातीपर्यंत पास देता येतो ते त्यांचं खरं अंतर, पुस्तकात छापलेलं नव्हे. मैदानावर खडूने पाच खुणा केल्या तर पहिल्या काही दिवसांत फार फायदा होतो, कारण लहान मुलांना चेंडूकडे ओढ असते आणि नकळत सगळी चेंडूभोवती गोळा होतात. नंतर त्या खुणा पुसाव्या लागतात, कारण मग मुलं बचावाकडे पाहायचं सोडून खुणेवर पाय ठेवण्यातच धन्यता मानू लागतात.

जागा बसल्या की पहिला नियम: पास दिला की उभं राहायचं नाही. बास्केटच्या दिशेने कट करायचा, म्हणजे झपकन आत घुसायचं, हात पुढे आणि नजर चेंडूवर ठेवून. बहुतेक बचावपटू, अगदी मोठ्या स्पर्धांतलेही, आपल्या माणसाने पास दिला की क्षणभर सैलावतात आणि चेंडूकडे पाहतात. कट त्याच क्षणी हवा. चेंडू परत मिळाला तर ले-अप. नाही मिळाला तर थांबायचं नाही, बास्केटखालून पुढे निघून रिकाम्या कोपऱ्यात जायचं. तिने सोडलेल्या जागेवर शेजारची सरकते, तिच्या जागेवर तिच्या पलीकडची. म्हणजे एका पासने कमीत कमी तिघी हलतात आणि तीन बचावपटूंना जागा बदलावी लागते. दुसरा नियम पहिल्याचाच उलटा चेहरा: तुझा बचावपटू पासच्या वाटेत हात घालून उभा असेल, तर चेंडूकडे झगडत जाऊ नकोस, बाहेर एक पाऊल टाकून त्याच्या पाठीमागून आत जा. हाच बॅकडोअर कट. प्रिन्स्टन विद्यापीठाचे पीट कॅरिल यांनी या एका कल्पनेवर संघाची सगळी मांडणी उभी केली होती. मार्च १९९६ मध्ये त्यांचा संघ आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएसमोर उभा राहिला. उंची, वेग, उडी, सगळ्यांत यूसीएलएचं पारडं जड होतं. बरोबरी असताना शेवटचे चारेक सेकंद उरले होते. स्टीव्ह गुडरिचच्या हातात चेंडू होता, गेब लेवुलिस बचावपटूच्या पाठीमागून आत गेला, पास पोचला आणि सामना ४३-४१ असा संपला. ज्या बचावपटूला चकवलं तो ढिला पडला होता असं नाही, उलट तो पास पळवायला जास्तच उत्सुक होता. बॅकडोअर कटची खुबी हीच की समोरच्याचा उत्साहच त्याच्या अंगाशी येतो.

स्क्रीन, म्हणजे सहकारी खेळाडूच्या बचावपटूची वाट अंगाने अडवणं, यानंतरच शिकवा. आपल्याकडे तो फार लवकर शिकवला जातो, आणि मग मुलं कुणाच्या तरी अंगावर जाऊन धडकण्याला स्क्रीन समजतात. पाय रोवून, स्थिर उभं राहायचं. बचावपटूच्या नजरेआड स्क्रीन लावला, तर त्याला एक पाऊल टाकायला जागा सोडावीच लागते. हलत्या स्क्रीनमुळे त्याला धक्का बसला तर फाउल आपल्यावर. पण या तांत्रिक गोष्टींपेक्षा महत्त्वाचं असतं ते वाचन. मोशन ऑफेन्समध्ये पास दिल्यावर कटला पर्याय म्हणून पासच्या विरुद्ध दिशेला जाऊन तिथल्या सहकारी खेळाडूसाठी स्क्रीन लावता येतो. आता जिच्यासाठी स्क्रीन लावला, तिने बचावपटूकडे बघायचं. तो तिच्या मागोमाग येत असेल तर स्क्रीनला घासून वळून बास्केटकडे जा. तो स्क्रीनच्या पलीकडून वाट कापायला निघाला तर बाहेरच्या बाजूला सरक आणि शॉटची तयारी कर. तो आधीच ओळखून पुढे उडी मारत असेल तर पाठीमागून आत जा. आणि स्क्रीन लावणारीचं काय? सगळ्यांत मोकळी होते ती बरेचदा तीच, कारण दोन्ही बचावपटू पळणारीकडे पाहत असतात. स्क्रीन लावून झाल्यावर चेंडूकडे वळून हात दाखवायचा, ही एवढीशी सवय उंच पण संथ खेळाडूला एका मोसमात वेगळीच खेळाडू बनवते. मोशन ऑफेन्सने सगळ्यांना काम मिळतं असं मी म्हणतो ते या अर्थाने. शूट करता येत नाही, ड्रिबल कच्चा आहे, तरी अशा खेळाडूला देण्यासारखं आणि तिला जमण्यासारखं खरं काम आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो चुकीचा नाही. संघात एक खेळाडू बाकीच्यांपेक्षा फारच सरस असेल, तर चेंडू चौघांमध्ये फिरवून तिचे शॉट का कमी करायचे? या प्रश्नाचं सगळ्यांत परिचित उदाहरण शिकागो बुल्सचं. १९८६-८७ मध्ये मायकेल जॉर्डनने सामन्यामागे सरासरी ३७.१ गुण केले. बुल्सने ४० सामने जिंकले, ४२ हरले, आणि बाद फेरीत बॉस्टनने त्यांना ३-० ने घरी पाठवलं. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी सहायक टेक्स विंटर यांचं ट्रँगल ऑफेन्स राबवलं. ही पद्धत शुद्ध मोशन नाही, पण नियम, अंतर आणि बचाव वाचून घेतलेले निर्णय या पायावरच ती उभी आहे. १९९०-९१ मध्ये जॉर्डनची सरासरी ३१.५ वर आली आणि बुल्सने ६१ विजयांसह पहिलं विजेतेपद जिंकलं. आता हे सगळं श्रेय पद्धतीला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. मधल्या काळात स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट संघात आले आणि मोठे झाले. चांगले सहकारी मिळाले की कुठलीही पद्धत चांगली दिसते. पण दोन गोष्टी तरी सिद्ध होतात. एक, जॉर्डन त्या विजेतेपदाच्या वर्षीही लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण करत होता, म्हणजे सरस खेळाडूचा बळी वगैरे काही गेला नाही. दोन, चांगले सहकारी असून ते उभेच राहिले असते, तर त्यांचा चांगलेपणा प्रतिस्पर्ध्याला डाचला नसता. १९९३ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना पाहा. चौथ्या क्वार्टरमध्ये बुल्सचे तोवर झालेले नऊच्या नऊ गुण एकट्या जॉर्डनचे होते, म्हणजे आक्षेपकर्त्याला हवा तसाच खेळ चालला होता, आणि फिनिक्स दोन गुणांनी पुढे होता. शेवटच्या ताब्यात चेंडू जॉर्डनकडून पिपेनकडे, पिपेनकडून ग्रँटकडे, ग्रँटकडून रेषेबाहेर उभ्या जॉन पॅक्सनकडे गेला. तीन गुण, ९९-९८, सलग तिसरं विजेतेपद.

मुळात वेगवान एनबीएमध्ये असं सामुदायिक आक्रमण टिकत नाही असं कुणी म्हणेल, तर २०१३-१४ चा सॅन अँटोनियो स्पर्सचा मोसम बघावा. संघाने लीगमध्ये सर्वाधिक, ६२ सामने जिंकले, आणि त्यांचा एकही खेळाडू सामन्यामागे सरासरी ३० मिनिटं खेळला नाही. सर्वाधिक गुण करणाऱ्या टोनी पार्करची सरासरी १६.७ होती. आदल्या वर्षी मायामीने त्यांना अंतिम मालिकेत सात सामन्यांत हरवलं होतं. या वेळी त्याच मायामीला त्यांनी ४-१ ने झोपवलं. या संघात फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, इटली असे कुठून कुठून आलेले खेळाडू होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. त्यांच्या खेळात पिक अँड रोलही, म्हणजे चेंडू असलेल्यासाठी स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळणं, भरपूर होता, हे विसरू नये. मोशन म्हणजे पिक अँड रोलला बंदी असा काही दंडक नाही. पिक अँड रोल चालू असताना बाकीचे तिघं काय करतात, यावर तो मोशन आहे की नाही हे ठरतं.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. २०१७-१८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने बरोबर उलटा रस्ता धरला: जेम्स हार्डन किंवा ख्रिस पॉलच्या हातात चेंडू, समोर एकच बचावपटू, बाकीचे तिघं-चौघं रेषेबाहेर पसरून उभे. त्यांनी ६५ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वाधिक. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत ते गोल्डन स्टेटविरुद्ध ३-२ ने पुढेही होते. मग पॉल जखमी झाला, आणि सातव्या सामन्यात त्यांचे तीन गुणांचे सलग २७ शॉट हुकले. या पराभवाचा पुरावा म्हणून वापर करणं सोपं आहे, पण मी तो करणार नाही. एका रात्रीच्या नेमबाजीवरून पद्धती मोजायच्या नसतात. एकट्याच्या जोरावर चालणारं आक्रमण प्रभावी असू शकतं, हे मान्यच करायला हवं. प्रश्न इतकाच की तुमच्याकडे हार्डन आहे का, आणि त्याच्याभोवती रेषेबाहेर उभं राहून भरवशाने तीन गुण करणारे चौघं आहेत का? आंतरशालेय संघात बहुधा यातलं एकही नसतं. असते ती एक चांगली ड्रिबल करणारी मुलगी, दोन मेहनती, एक उंच आणि एक नवखी. तिथे एकटीवर सगळा भार टाकला, की प्रतिस्पर्ध्याला फक्त तिला अडवायचं असतं. शिवाय आपल्या नियमांत पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जाते. सगळी बुद्धी एकाच डोक्यात ठेवलेल्या संघाची ती एक बाहेर गेली की पुढची आठ-दहा मिनिटं बघवत नाहीत.

‘आमच्या मुलांना हे जमणार नाही, त्यापेक्षा दोन चाली पाठ करून घेतो’ हे क्रीडाशिक्षकांकडून सगळ्यांत जास्त ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे: जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर असेल, तर मोशन ऑफेन्स सुरू करू नका. कच्चं मोशन म्हणजे पाच जणांची धावपळ, एकमेकांच्या अंगावर आदळणं आणि चेंडू दोन कटच्या मधोमध कुणाच्या पाठीवर आपटणं. पण मोसमाच्या सुरुवातीला हाती दोन-अडीच महिने असतील, तर ते शिकवण्याचा क्रम नीट ठेवला की पुरतो. आधी तिघी, बचावाशिवाय, फक्त पास-कट-जागा भरणं. लगेच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, तीन विरुद्ध तीन, आणि ड्रिबलला पूर्ण बंदी. ही बंदी या सगळ्यातलं सगळ्यांत कामाचं हत्यार आहे. ड्रिबल नसला की चेंडू असलेलीला सुटकेसाठी इतरांवरच अवलंबून राहावं लागतं, आणि इतरांना हलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बचावपटू जवळ असताना चेंडू धरून पाच सेकंद उभं राहिलं तर ताबा जातो हा नियम या सरावात कडकपणे मोजा. त्याने ओरडण्याची गरजच उरत नाही. मग ताब्यामागे एक ड्रिबल, मग दोन. पाच विरुद्ध पाचवर घाईने जाऊ नका. मुलं तीनमध्ये शिकतात आणि पाचमध्ये लपतात. एका सापळ्यापासून मात्र सावध राहा: ‘पाच पास झाल्याशिवाय शॉट नाही’ हा फतवा. ‘हूझियर्स’ या १९८६ च्या चित्रपटातला प्रशिक्षक चार पासांची अट घालतो आणि गोष्टीला ते शोभतं, पण खऱ्या सरावात मुलं पास मोजायला लागतात आणि बास्केटखाली एकटी उभी असलेली मुलगी तिसराच पास म्हणून चेंडू परत बाहेर देते. अट घालण्याऐवजी बक्षीस द्या. पासनंतर कटवर झालेल्या ले-अपला सरावात तीन गुण, चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन झालेल्या बास्केटला एक जादा. मुलं गुणांमागे आपोआप धावतात.

आता ज्या अडचणी आपल्या मैदानांवर हमखास येतात, त्या. पहिली, ज्या खेळाडूला बाहेरून शॉट जमत नाही तिचा बचावपटू तिला सोडून बास्केटखाली जाऊन उभा राहतो. एनबीएमध्ये बचावपटूला आपला माणूस सोडून तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे आपल्याकडेही, तशी मनाई नाही. तो बचावपटू सामनाभर तिथे उभा राहू शकतो, आणि आपले सगळे सुंदर कट त्याच्या हातांत जाऊन संपतात. उपाय असा की न शूट करणाऱ्या खेळाडूलाच स्क्रीनचं मुख्य काम द्या. तिचा बचावपटू दूर बास्केटखाली आहे, म्हणजे तिने बाहेर लावलेल्या स्क्रीनवर मदतीला यायला जवळ कुणी नाही, आणि स्क्रीनमागून येणारी शूटर एका क्षणापुरती पूर्ण मोकळी. चेंडूही तिच्याच हातात द्या आणि इतरांना तिच्याभोवती कट करू द्या. गोल्डन स्टेटने ७३ सामने जिंकले त्या २०१५-१६ च्या मोसमात त्यांच्यात सर्वाधिक असिस्ट स्टेफ करीचे नव्हते. ते ड्रेमंड ग्रीनचे होते, सामन्यामागे ७.४, आणि स्क्रीन लावणं, मधोमध चेंडू घेऊन निर्णय करणं हेच त्याचं काम होतं. दुसरी अडचण, झोन बचाव. शालेय स्पर्धांत २-३ झोन वारंवार भेटतो आणि माणसामागे माणूस नसल्यामुळे पास-कटचा निम्मा असर जातो. तिथे कट कमी करा, पण हलणं थांबवू नका. पुढच्या दोघींच्या मधल्या फटीत, फ्री थ्रोच्या रेषेजवळ, एक खेळाडू पोचली आणि तिला चेंडू मिळाला की झोन आक्रसतो आणि कोपरे मोकळे होतात. कसोटी तीच: आपल्या हालचालीने बचावातल्या कुणाला तरी मान वळवावी लागली का?

हे बरोबर चाललंय की नाही, ते गुणफलकावरून लवकर कळत नाही. पहिले काही सामने चेंडू जास्त वेळा जाईल, कारण मुलं पहिल्यांदाच निर्णय घेत असतील. म्हणून वेगळ्या गोष्टी मोजा. बाकावरच्या एखाद्या खेळाडूकडे वही द्या आणि तिला दोनच नोंदी करायला सांगा: किती ताब्यांत चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, आणि किती ताब्यांत कुणी तरी तीन सेकंदांहून जास्त एका जागी नुसतं उभं होतं. कुणाला किती वेळा चेंडू मिळाला याची यादी मुद्दाम ठेवू नका. ती ठेवली की पालकांपासून मुलांपर्यंत सगळे तीच वाचतात, आणि आपण पुन्हा समान वाटणीच्या चर्चेत अडकतो. नोंद ठेवणारी खेळाडू मात्र दोन सामन्यांत खेळ वाचायला शिकते. बाकावर बसवून शिकवता येण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

राहिला घड्याळाचा प्रश्न. प्रिन्स्टनच्या त्या सामन्यात एका ताब्याला ३५ सेकंद मिळत होते. आपल्याला २४ मिळतात, त्यांतले पाच-सहा चेंडू पुढे आणण्यात जातात, आणि आक्रमणात रिबाउंड मिळाला तर घड्याळ १४ वर येतं. एक पास आणि त्यामागची हालचाल यांना साधारण दोन-तीन सेकंद धरले, तर चार-पाच चांगले पास बसतात. बहुतेक वेळा तेवढ्यात मोकळा शॉट मिळतो. नाहीच मिळाला, तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं: घड्याळात सात सेकंद राहिले की बाकावरून आवाज द्यायचा, चेंडू संघातल्या सर्वांत भरवशाच्या खेळाडूकडे जायचा, जवळच्या उंच खेळाडूने तिला स्क्रीन लावायचा आणि उरलेल्या तिघींनी खडूच्या त्या जुन्या खुणांवर पसरायचं. इथे एकटीच्या खेळाला पूर्ण मुभा आहे. फक्त त्या तिघींना सांगून ठेवा की दोन बचावपटू तिच्यावर गेले तर चेंडू तुमच्याकडे येणार आहे. १९९७ च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, ८६-८६ अशी बरोबरी असताना, शेवटचा ताबा जॉर्डनचाच असणार हे सगळ्यांना माहीत होतं. टाइम-आउटमध्ये सहकारी स्टीव्ह करने त्याला आपण तयार असू असं सांगून ठेवलं होतं. युटाचा जॉन स्टॉक्टन करला सोडून जॉर्डनवर गेला, पास आला आणि करने शॉट घातला. असे सात सेकंदांचे ताबे आठवड्यातून एकदा, सरावाच्या अगदी शेवटी, पाय थकलेले असताना दहा-बारा वेळा खेळवा, आणि दर वेळी चेंडू वेगळ्या मुलीच्या हातात देऊन सुरू करा.